तोंड रस्त्याकडे

महाडच्या बाजारात आमचं कपाटं-फ्रिजचं दुकान आहे. दुकानात सगळ्यात जास्त कोण राबतं असं कुणी विचारलं तर मी नवऱ्याचं नाव घेणार नाही. मी ट्रॉलीचं घेईन. दोन चाकं, वर धरायला दोन दांडे आणि खाली जमिनीला टेकणारा लोखंडी पत्रा. त्या पत्र्याला आमच्यात जीभ म्हणतात. जीभ वस्तूखाली सरकवायची, पट्टा आवळायचा आणि दांडे आपल्याकडे ओढून ट्रॉली कलती करायची. भार चाकांवर गेला की मोठा फ्रिजसुद्धा एकटा माणूस नेतो, हाताला फारसं काही लागत नाही. ट्रॉलीचं शास्त्र म्हणतात ते एवढंच. नदी चढायला लागली की खालचा सगळा माल फळ्या टाकून आम्ही तिच्यावरूनच वर नेतो.

ती जुनी ट्रॉली आता दुकानाच्या मागच्या खोलीत उभी असते. कामाला नवीन घेतली आहे.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत एकटे राहायचे. काकी गेली, मुलगा मुंबईला. वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली होती. आधी बोट जाईल एवढी होती, दोन पावसाळ्यांनी माझा हात कोपरापर्यंत आत जाऊ लागला. नोटिसा आल्या, साहेब येऊन गेले. एकेक घर कुलूप लावून खाली गेलं, कुणी नातेवाइकांकडे, कुणी मुंबईला. आबा तेवढे हलेनात.

माझा चुलतभाऊ मुंबईहून रोज फोन करायचा. "ताई, तुझं ऐकतील ते. पावसात त्यांना वर राहू देऊ नको." मी गेले की आबा म्हणायचे, "तुमच्या महाडात तरी कुठं कोरडं हाय गो? वरनं गाडून मेलं काय नि खालनं बुडून मेलं काय." पुराचं त्यांचं खरंच होतं. पण मला धसका बसला होता. लहानपणी तापाने फणफणले असताना याच माणसाने मला खांद्यावर टाकून त्या उतारावरून पोलादपूरच्या डॉक्टरकडे पळवत नेलं होतं. तो माणूस दरडीखाली जाईल आणि मी इथे गिऱ्हाइकाला कपाटाचे रंग दाखवत असेन, हे चित्र डोळ्यांपुढून जात नव्हतं.

शेवटी मे महिन्यात आबांनी अट घातली. अंगणातला राखणदार बरोबर येणार असेल तर ते येणार.

राखणदार म्हणजे जागेचा रखवालदार. आमच्याकडे प्रत्येक घरामागे एक असतोच. आबांचा अंगणाच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढा काळा दगड, पुढच्या बाजूला शेंदूर. शेंदराची बाजू म्हणजे त्याचं तोंड. त्याला वर्षाला नारळ द्यायचा, आणि काही विचारायचं असेल तर कौल लावायचा. दगडाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि बघत बसायचं. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आबांनी विचारलं, "येतोस का बाबा खाली?" आणि उजवं फूल पडलं. मला तर सुटल्यासारखं झालं.

मी टेम्पो काढला, ट्रॉली घातली आणि दुकानात माल पोचवणाऱ्या गड्याला घेतलं. हा गडी वरंधचा. फ्रिजपेक्षा त्याची बडबड उचलणं जड. टेम्पो डांबरी संपते तिथपर्यंत जातो, पुढे पायवाट आणि दगडी पायऱ्या. आबा नारळ घेऊन पुढे चालू लागले. देव हलवताना मागे बघायचं नसतं, त्यामुळे त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मागे आम्ही दोघांनी दगड गोधडीत गुंडाळून ट्रॉलीवर चढवला. आरशाचं कपाट नेताना आरसा आपल्या अंगाला, दांड्यांकडे घ्यायचा आणि पाठ बाहेर ठेवायची, म्हणजे आरसा कशावर आपटत नाही, ही आमच्या दुकानाची रीत. शेंदूर खरवडू नये म्हणून त्याच सवयीने आम्ही दगडाचं तोंड आमच्याकडे केलं. उतारावर ट्रॉली पुढे आणि माणूस वरच्या बाजूला राहतो, भार सावरत उतरतो. तसे उतरलो. त्या दिवशी दगडाने गड्याचा घाम काढला. दर पायरीला तो "आई गं" म्हणत होता आणि मी हसत होते.

दुकानामागच्या अंगणात जास्वंदीखाली दगड बसवला, तोंड दुकानाकडे. आबांना मागची खोली दिली. मुंबईला फोन केला. भाऊ नुसतं "बरं झालं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मागे गेले तर दगडाचं तोंड कुंपणाच्या भिंतीकडे. मला वाटलं, आपणच बसवताना चुकलो. गड्याला हाक मारून वळवून घेतला. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा भिंतीकडे. त्या भिंतीच्या पलीकडे गल्ली, गल्लीपलीकडे नदी, आणि तीच दिशा धरून गेलं तर पोलादपूर. मी गड्याला झापलं. मग वरच्या भाडेकरूंच्या मुलांना झापलं. गड्याने आईची शपथ घेतली. "वहिनी, फुकट धोंडा फिरवाया मला काय येड लागलंय?" तेही खरंच होतं. पगार घेऊनही तो सांगितल्याशिवाय काही हलवत नाही.

ट्रॉली आम्ही शटरजवळ उभी करतो. ती एका सकाळी मागच्या अंगणात सापडली. दगडासमोर उभी होती, जीभ दगडाला टेकलेली, चढवायला आणावी तशी. त्या वेळी मी ती मुकाट्याने शटरजवळ नेऊन ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर घरात सगळ्यांनी ते खरं मानलं असतं.

आबांचं जेवण तुटलं. भाकरीचा तुकडा मोडायचे आणि ताटातच ठेवायचे. पिशवी भरून मांडीवर घेऊन बसायचे, एस.टी.ची वाट बघत असल्यासारखे. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"त्येला आणलात तवा तोंड कुनीकडं व्हतं?"

मी हसतच आरशाच्या कपाटाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत.

"गनपती बोळवताना तोंड घराकडं का करतात गो?"

"परत यावा म्हणून."

"मग? वाटभर तो घराकडं बगत आला. तुमीच त्येला परत जायाला सांगितलात." ते शांतपणे म्हणाले, "तो जानार. तो गेला का मी पन जानार."

नवरा म्हणाला, म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस. मी घेतलं. आबा बोलल्याप्रमाणे करणारे आहेत. आज ना उद्या ते एस.टी.त बसतील, चार पावसाचे दिवस त्या घरात झोपतील आणि आम्हाला कुणाचा तरी फोन येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा मृग लागायच्या आत दगड पुन्हा वर न्यायचा आणि नीट, तोंड रस्त्याकडे करून परत आणायचा, असं ठरवलं. येडेपणा तर येडेपणा.

सकाळी आबांना घेऊन निघालो. डांबरी संपली तिथे दगड बांधलेली ट्रॉली टेम्पोतून फळीवरून घसरवून उतरवली आणि गड्याने दांडे ओढले. मग तो थांबला, दांडे सोडले, पुन्हा ओढले.

"काय झालं?"

"काय नाय."

चढावर ट्रॉली ओढायला दोघं लागतात. तो एका हाताने ओढत होता. पायऱ्यांवरून चाकं टणटण उडत होती, रिकामी ट्रॉली उडते तशी. ज्याच्या तोंडाला एरवी पट्टा नाही तो गडी सगळी वाट गप्प होता. मी मुद्दाम एक हात दांड्याला लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. दगड समोर दिसत होता, पट्टाही आवळलेला होता. वजन मात्र नव्हतं.

वाडीत ऊन नुसतं पसरून होतं. सगळ्या दारांना कुलपं, तुळशी वाळून काटक्या झालेल्या, अंगणांत पाचोळा. पाखरू बोलत नव्हतं. माथ्यावरून मधूनच एखादा खडा घरंगळत यायचा, थांबायचा, मग दुसरा. आम्ही आबांच्या अंगणात शिरलो आणि माझे पाय जागीच थांबले. अंगण झाडलेलं होतं. झाडलेलं आणि सारवलेलं. शेणाचा वास येत होता आणि सारवण अजून पुरतं वाळलं नव्हतं. वाडीत माणूस नव्हतं, गुरं तर कधीच विकली होती. मी गड्याकडे पाहिलं, तर तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. आबांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या आणि घरी आल्यासारखे आत गेले.

दगड जुन्या खळग्यात बसवला. आबांनी फुलं लावली आणि विचारलं, "चल बाबा, आता नीट नेतो. न्येऊ का दगड?" फूल चिकटवून त्यांचं बोट निघतंय तोवर डावं फूल पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावंच. आबा जोत्यावर जाऊन बसले.

"नाय म्हनतो. तुमी जावा पोरी."

मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग आला. रागावले की मी देवाला सोडत नाही. मी त्या दगडासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुला राहायचं तर राहा. तू दगड आहेस, तुला दरडीचं काय? माझा माणूस मला दे." मग आबांच्या समोर बसले. "तुमचे पाय धरते. माझ्या बापाच्या जागी आता तुम्ही एकटेच उरलात. तुम्हाला इथे सोडून मी खाली जाऊन जेवू कशी?" गड्यासमोर रडले, त्याचीही लाज वाटली नाही.

आबा अंगणाकडे बघत म्हणाले, "गुडघ्यांत जोर नाय गो. येताना आलो, उतरवनार नाय मला."

"ट्रॉली आहे की."

ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "मला फ्रीज केलास व्हय?"

गड्याने गोधडीची घडी जिभेवर टाकली. आबा दांड्यांना पाठ लावून बसले, पाय पुढे. मी छातीवरून पट्टा आवळला आणि तोंड कुणीकडे आहे ते स्वतः बघितलं. सरळ रस्त्याकडे होतं. "मागे बघायचं नाही हं," मी म्हटलं, आणि त्यांच्या डोक्यावर पदरासारखा टॉवेल ओढून दिला. गड्याने दांडे ओढले. ओढताना त्याच्या मानेची शीर फुगली.

आबा म्हणजे नुसती काठी. सणाला त्यांना सदरा घ्यायचा तर मुलांच्या मापाचा बघावा लागतो. पण खालच्या पायऱ्यांवर गडी मला हळूच म्हणाला, "वहिनी, जरा हात लावा." मी एक दांडा धरला. हात खांद्यापर्यंत ओढला गेला. हे वजन मला ओळखीचं होतं. मेमध्ये दगड उतरवताना तेच लागलं होतं. टॉवेलाखाली आबा पुटपुटत होते, कुणाला तरी वाट सांगितल्यासारखे. "हा उतार. आता वळन. आता आंबा येल."

डांबरीवर आलो. मी पट्टा सोडला, आबा दांड्याला धरून उठले आणि टेम्पोपाशी जाऊन उभे राहिले. रिकामी ट्रॉली टेम्पोत टाकायला गड्याने वाकून उचलली. ती उचलली गेली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी बाजू धरली. दोघांनी जोर लावला, तरी चाकं जमीन सोडीनात. जिभेवर गोधडी होती, मधोमध दबलेली. बाकी काही नव्हतं.

"उचलू नका त्येला," आबा म्हणाले. त्यांनी हात जोडले होते. "फळी लावा, चाकांवरनं चढवा. आन् तोंड म्होरं ठेवा."

"पण कौल तर डावा पडला," मी म्हटलं.

"दगड न्येऊ का, येवढंच इचारलं आपन. दगड ऱ्हायला की वर."

आम्ही फळी लावली आणि मोठा फ्रिज चढवतात तशी ती रिकामी ट्रॉली दोघांनी रेटून चढवली. जीभ महाडकडे करून बांधली. टेम्पो मागून दबला. गड्याने ते पाहिलं, मीही पाहिलं.

पुढे केबिनमध्ये आबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले. डोंगर मागे राहिला, कुणी वळून पाहिलं नाही. पोलादपूरची घरं दिसायला लागली तसा आबांनी माझा हात दाबला.

"भूक लागली गो," ते म्हणाले. "कुठंतरी गाडी थांबव. भाकर मिळाली तर बग."