काडतुसाच्या खड्ड्यातलं कुंकू

जूचंद्र गावातलं ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीत जरा ताठ बसतो. पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे बरेच पाहिले, पण ज्याचा अभिमान वाटतो ते हे, आणि त्यात गोळी सुटलीच नव्हती.

दसरा होऊन काहीच दिवस झाले होते. सकाळी हजेरी चालू असताना आमच्या खबऱ्याचा फोन आला, "साहेब, लवकर या. म्हाताऱ्याने पुतण्यावर रिव्हॉल्व्हर काढलंय!" पोहोचलो तेव्हा म्हातारा ओट्यावर बसलेला, रिव्हॉल्व्हर शेजारी. परवाना वडिलांच्या वेळचा, पुढे याच्या नावावर झालेला. भांडण जमिनीचं. बिल्डरला जागा द्यायला पुतण्या तयार, काका सही करेना.

पुतण्याची फिर्याद सरळ होती. काकाने छातीवर नेम धरून चाप ओढला, खटका वाजला, बार फुसका गेला म्हणून मी जिवंत आहे. म्हातारा म्हणाला, "रोखली मी. राग आला, रोखली. पन चाप नाय ओढला, देवाशपथ."

पंचांसमोर रिव्हॉल्व्हर उघडलं. चक्रीतली सगळी घरं भरलेली, आणि एका काडतुसाच्या बुडावर ठोकणीचा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या टोकाचा, खड्डा! माझा उपनिरीक्षक खूश. "साहेब, खुनाचा प्रयत्न. प्रकरण पक्कं."

"पक्कं तुझं डोंबल," मी म्हणालो. "आधी नीट बघू तर दे."

जुन्या रिव्हॉल्व्हरचा बार चुकतो त्याची कारणं ठरलेली असतात. स्प्रिंग सैल पडते, तेलाचा चिकटा बसतो, नाहीतर काडतूस दमट होतं. खड्डा उथळ असेल तर दोष हत्याराचा. इथे खड्डा चांगला खोल होता, म्हणजे हत्यार ठणठणीत आणि काडतूस मेलेलं. खाडीकाठच्या हवेत वर्षानुवर्षं ठेवलेल्या काडतुसाचं दुसरं काय होणार? पण हा खड्डा पडला कधी, ते कोण सांगणार?

मी भिंग मागवलं. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर लालसर काहीतरी वाळलेलं होतं. म्हाताऱ्याची बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तिला विचारलं, तर ती माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली.

"कुंकू हाय ते! दसऱ्याला कोयता पुजतो, ट्रॅक्टर पुजतो, मंग हिला नको? ही उघडून एकेका गोळीला पान्यात कालवलेला कुंकू मीच लावते."

अहो, भरलेलं रिव्हॉल्व्हर उघडून त्याला कुंकू! दुसरी वेळ असती तर मी त्या बाईला चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र मनात म्हटलं, बाई, तुझे हात धन्य आहेत.

कारण कुंकू त्या खड्ड्याच्या तळापर्यंत उतरून तिथेच वाळलं होतं. कुठे तडा नाही, कुठे टवका नाही. ठोकणीचं टोक स्वच्छ, लाल कण नावालाही नाही. म्हणजे खड्डा आधीचा आणि कुंकू नंतरचं. दसऱ्यानंतर त्या काडतुसावर ठोकणी पडलीच नव्हती. बाकीच्यांवर तर खड्डाच नव्हता.

मुद्देमाल सील केला, प्रयोगशाळेला पाठवायची व्यवस्था केली आणि पुतण्याला ठाण्यात समोर बसवलं. तीनदा हकीकत सांगायला लावली. तिन्ही वेळा शब्दाला शब्द तोच. मरणाच्या दारातून आलेला माणूस असा पाठ केल्यासारखा बोलत नाही. तो अडखळतो, मागचं पुढे सांगतो. याने वर चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली.

मी सहज विचारलं, "काका हे रिव्हॉल्व्हर कधी वाजवतात की नाही?"

"दिवाळीत वाजवतात ना, हवेत. गेल्या वर्षी एक फुसकं निघालं. काकांनी जपून परत तिथेच घातलं. काही फेकत नाहीत ते."

"तू होतास तिथे?"

"बाजूलाच होतो."

खड्डा पडलेलं ते काडतूस आपल्याला ठाऊक होतं, हे तो बोलून बसला आणि त्याने जीभ चावली. मी पुढे काही विचारलं नाही. चौकशीत ओरडण्यापेक्षा गप्प बसणं जास्त कामी येतं, हा माझा अनुभव आहे. अखेर तोच म्हणाला, "साहेब, काकांनी चाप नाही ओढला. ते आत गेले की फिर्याद मागे घ्यायच्या बदल्यात सही माझ्या हातात आली असती, म्हणून बोललो."

सख्ख्या काकाला म्हातारपणी जेलात घालायला निघाला होता! तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात आवरला आणि जबाब लिहून घेतला. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तोच आला. खोट्या फिर्यादीबद्दल त्याच्यावर कारवाई झाली, ती वेगळी.

म्हाताऱ्याला बोलावून सांगितलं, "काका, खुनाच्या प्रयत्नातून सुटलात. पण भरलेलं हत्यार घरच्या माणसावर रोखलंत, त्याचा गुन्हा लावणार. हवेत बार काढलेत, तेही लिहिणार. परवाना जाईल."

उपनिरीक्षक माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, एवढं सोडवलं तर हेही सोडतील. पण गुन्हा जेवढा, तेवढाच कागदावर यायला हवा. जास्त लिहिला तर अन्याय आणि कमी लिहिला तरी अन्यायच. या प्रकरणाने माझ्या मनात हे कायमचं पक्कं केलं.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि सही करायला पेन मागितलं.

"लिवा साहेब," तो म्हणाला. "तो गुना मी केलाच हाय."