कोहळा कोणी फोडायचा

साधं राहायचं तर घरात एक बाई लागते. ती नसेल तर साधेपणा परवडत नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्या घरातली ती बाई मी आहे.

माझे यजमान शाळेतून निवृत्त झाले आणि इतरांना गुडघेदुखी लागते तशी त्यांना साधी राहणी लागली. सानगडीत सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही इथे सरच म्हणते. सर गावोगावी बोलायला जातात. घरचं खा, घरी पिकवा, हाताने बनवा, हे त्यांचे तीन मुद्दे. बोलताना भाषा अशी शुद्ध की घरी ‘मले चहा दे’ म्हणणारा माणूस हाच का, असं वाटावं. सत्काराला नारळ मिळाला की सर उलट भेट म्हणून कापडी पिशवी देतात. ‘आमच्या घरी काहीच वाया जात नाही,’ असं म्हणतात. पिशवी त्यांच्याच जुन्या पँटची असते, शिवते मी. एकदा घाईत मागचा खिसा काढायचा राहून गेला, तर तीच पिशवी सगळ्यांना जास्त आवडली.

घरामागे आमची सांदवाडी आहे. वांगी, मिरच्या, वालाचा मांडव, धोप्याची म्हणजे अळूची पानं, कुंपणावर चढलेला कोहळ्याचा वेल, असं सगळं तिथे आहे. सर तिला परसबाग म्हणतात. ते सकाळी तिथे जातात, हातात झारी घेतात, फोन भिंतीवर टेकवतात आणि झेंडूला पाणी घालतात. फोटो निघाला की झारी तिथेच. एकदा झारी रिकामी होती. मी खिडकीतून पाहत होते आणि झेंडूचं मला वाईट वाटलं.

पण सरांचा खरा मान असतो कोहळ्याच्या वड्यांत. आमच्याकडे बाईने अख्खा कोहळा फोडायचा नाही. पहिला घाव पुरुषाचा. बाईने फोडला तर घरच्या पुरुषाला बाधतं, असं सासूबाई सांगत. एकदा दोन फाका झाल्या की मग बाईने काय वाटेल ते करावं, म्हणजे सगळंच करावं. साल काढायचं, बिया काढायच्या, किसायचं, कीस पिळायचा, रात्रभर भिजलेली उडदाची डाळ पाट्यावर वाटायची, मिरची, आलं, जिरं घालून हात भरून येईपर्यंत फेसायची, बाजेवर जुनं धोतर अंथरून एकेक वडी घालायची आणि मग चार दिवस कावळे हाकलायचे. सर कोहळ्याला कुंकू लावतात, कोयता उचलतात, घाव घालतात आणि वर्षभर सांगतात, ‘आम्ही वड्या घरीच करतो.’

माझं मनगट दोन वर्षांपासून दुखतं. डॉक्टरांनी पाटा बंद करायला सांगितलं. थोरल्या मुलीने मिक्सर पाठवला. तो खोक्यासकट कपाटावर आहे. सर म्हणाले, ‘मिक्सरात डाळीचा जीव जाते. अन् लोक येते आपल्या घरी पाहाले. कसं दिसन ते?’ डाळीचा जीव त्यांना दिसतो, मनगट दिसत नाही. दोन्ही मुली बाहेरगावी, दोघींना या वड्या लागतात, म्हणून मी वाटत राहिले.

गेल्या हिवाळ्यात मी आदल्या संध्याकाळी डाळ भिजत घातली आणि सरांना सांगितलं, उद्या सकाळी कोहळा फोडून द्या. ते हो म्हणाले. सकाळी मी अंगण झाडून आत आले तर सर इस्त्रीचा खादी सदरा घालून तयार. लाखांदूरला कार्यक्रम होता आणि तो मला सांगायचा राहून गेला होता.

‘कोहळा?’ मी विचारलं.

‘आल्यावर फोडतो नं. डाळ काय पळून चालली का?’

डाळ पळत नाही, आंबते. आणि वड्या सकाळच्या उन्हात घालाव्या लागतात, नाही तर पांढऱ्या राहत नाहीत. हे साधी राहणी शिकवणाऱ्याला माहीत असायला हवं. पण सरांची एसटी लागली होती आणि ते गेले.

मग मी गावात पुरुष शोधायला निघाले. उपसायला ओली डाळ, पुसायला ओले हात आणि शोधायला पुरुष. शेजारचे दोघेही धान चुरायला, म्हणजे मळणीला, शेतावर गेलेले. समोरच्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यांच्या हाती कोयता देणं म्हणजे माझेच हात फोडून घेणं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, ‘वहिनी, गिऱ्हाईक आहे, अकरा वाजता येतो.’ गिऱ्हाईक म्हणजे बाकावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत असलेला एक गृहस्थ. तोही पुरुषच होता, पण त्याला उठायला सांगायची माझी इच्छा झाली नाही. सरांना फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तर त्यांनी कापला.

घरी आले. कोहळा ओसरीवर होता, अंगाला पांढरी पूड लागलेला, सरांसारखाच स्वच्छ आणि निवांत. वेल माझा होता. बी मी लावलं होतं, आळं मी केलं होतं, माकडं मी हाकलली होती. आणि आता एका घावासाठी मी दारोदार फिरत होते. मला इतका राग आला की कुंकवाचा करंडासुद्धा आणला नाही. कोयता घेतला, कोहळा गुडघ्याशी धरला आणि घातला घाव. एकाच घावात दोन फाका झाल्या. आत बिया होत्या आणि पाणी होतं. एवढीशी गोष्ट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांसाठी राखून ठेवली होती.

मग हात थांबला नाही. स्टुलावर चढून मिक्सर काढला. डाळ वाटून झाली तेव्हा ऊन अंगणाच्या मधोमधही आलं नव्हतं.

दुपारी सर दोन पाहुण्यांना घेऊन आले. कार्यक्रमात वड्यांचं वर्णन झालं असणार, आता त्या दाखवायच्या होत्या. बाजेजवळ उभं राहून सर म्हणाले, ‘हे संपूर्णपणे घरचं आहे. यात पहिला घाव मात्र पुरुषाचा असतो, ही आपली परंपरा.’ बोलता बोलता त्यांना आठवलं की आज सकाळी आपण घाव घातलेलाच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘या खेपेले मीच फोडला,’ मी म्हटलं. पाहुण्यांपैकी एक जण हसला आणि दुसऱ्याने धोतरावरच्या वड्यांचा फोटो काढला.

पाहुणे गेल्यावर सर म्हणाले, ‘कोणाले बोलवायचं होतं. नाही तं मले फोन करायचा.’

‘केला होता. तुम्ही साधेपणावर बोलून राहिले होते.’

सरांनी जाहीर केलं की या वड्या ते खाणार नाहीत. मिक्सर पाहिल्यावर तर रात्रीचं जेवणही त्यांनी घास मोजल्यासारखं केलं. मी बाधण्याची वाट पाहिली. सरांना साधी सर्दीही झाली नाही.

वड्या वाळल्या. मुलींचे डबे भरले, तरी सरांचा वाटा उरला. तो घेऊन मी माहेरी, आंधळगावला गेले. तिथे माझी आई धाकट्या बहिणीकडे राहते. खरं तर वड्या बहिणीसाठी होत्या. आईला कोहळा चालत नाही हे आम्हा दोघी बहिणींना पाठ होतं. वडील गेले तेव्हा मी चौथीत होते, बहीण त्याहून लहान, भाऊ नाही. आमच्या सांदवाडीत तेव्हाही वेल होता आणि दर हिवाळ्यात पाच-सहा कोहळे यायचे. आई ते सगळे लोकांना देऊन टाकायची. मी कुरकुर केली की म्हणायची, ‘आपल्याले कोहळा पचत नाही.’ लग्न होईपर्यंत मी वडी तोंडात घातली नाही. सासरी पहिल्यांदा भीत भीत खाल्ली, तेव्हा मला ती छान पचली. मला वाटलं, मी वडिलांवर गेले असेन. जगाच्या अकलेची मापं काढणाऱ्या बाईची स्वतःची अक्कल एवढी.

बहिणीने वड्यांचा रस्सा केला. आईने वास घेतला आणि विचारलं, ‘कोहळा कोणी फोडला?’

‘मीच फोडला.’ मी सगळी गोष्ट सांगितली, सरांच्या आवाजासकट. बहीण पोट धरून हसली. आई हसली नाही.

‘काही झालं नाही?’ तिने विचारलं.

‘काय होते? दोन फाका झाल्या.’

आईने ताट पुढे केलं. बहीण म्हणाली, ‘अवो आई, तुले पचत नाही नं.’ आईने रस्सा वाढून घेतला. एक वडी फोडून खाल्ली, मग दुसरी. सावकाश खाल्ली. तिचे दात थोडेच उरलेत. खाऊन झाल्यावर ती ताटाकडे पाहतच म्हणाली, ‘पचत होता वो. फोडाले माणूस नव्हता घरात.’

बाधायलाही नव्हता. हे माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मी तिच्या ताटात आणखी दोन वड्या वाढल्या.