चर्चची तुळई आणि माझ्या बायकोचे मामा

देवावर इतका विश्वास आणि छतावर इतका अविश्वास एकाच माणसात मी दुसरीकडे पाहिलेला नाही. माझ्या बायकोचे मामा सरकारी बांधकाम खात्यात सिव्हिल इंजिनिअर होते, आणि अमरावतीतल्या आमच्या जुन्या चर्चचे असे सभासद होते, की ते फाटकातून आत शिरले म्हणजे लोक आपापली घड्याळं लावून घेत. कुणाच्याही घरी गेले की चहा येईपर्यंत ते बोटाच्या पेरानं भिंती वाजवून पाहत. नव्या घराच्या कार्यक्रमाला बोलावलं आणि यजमान पाया पडायला वाकले, तर मामांचं लक्ष वर, कोपऱ्यातल्या ओलीकडे. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना लांबलचक असे. तीत आजारी लोक, प्रवासातले लोक, पाळकसाहेब आणि शेवटी नुकताच ओतलेला एखादा स्लॅब, सगळे यायचे. तोवर वरण गार होऊन जाई. "कंत्राटदाराले स्लॅबवर पाणी मारायची बुद्धी दे, प्रभू," असं एकदा त्यांनी डोळे मिटून मागितलं, आणि पंगतीत बसलेल्या त्या कंत्राटदारानंच सगळ्यात मोठ्यांदा आमेन म्हटलं.

मध्ये त्यांची बदली धारणीला झाली. मेळघाटातले रस्ते त्यांच्याच खात्याचे असल्यामुळे त्यांना त्याबद्दल तक्रार करता येत नसे. तरी शनिवारी मिळेल त्या एसटीनं नाहीतर जीपनं ते घाट उतरत आणि रविवारी चर्चमध्ये आपल्या बाकावर हजर असत. एकदा गाडी वाटेत बंद पडली आणि ते पोचले तेव्हा उपासना संपून लोक चपला शोधत होते. मामा सरळ पाळकसाहेबांपुढे जाऊन बसले आणि म्हणाले की, आजचा उपदेश थोडक्यात सांगा. पाळकसाहेब बिचारे सांगायला लागले. मामांनी मध्ये शंका काढल्या, आणि थोडक्यातला उपदेश मूळ उपदेशापेक्षा लांबला.

याच मामांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा. आपण बाबांच्या हाताला धरून आपल्या चर्चमध्ये वेदीपर्यंत चालत जायचं, हे या मुलीनं लहानपणीच ठरवून टाकलेलं. पत्रिका वाटून झाल्या, आणि लग्नाच्या आठवड्यात मामा सजावटीचं बघायला म्हणून शिडीवर चढले. वेदीवरची जुनी लाकडी तुळई त्यांनी वाजवली. आवाज पोकळ आला, शेजारी भेगही दिसली. खाली उतरून त्यांनी चर्चला कुलूप लावायला सांगितलं. पाळकसाहेबांनी समजावलं की एवढं लग्न होऊ द्या, सोमवारी बंद करू. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही तेच सांगितलं. मामी दोन दिवस बोलल्या आणि मग बोलायच्या थांबल्या.

"दुसऱ्याच्या पोरीचं लग्न असतं तं मी कुलूप लावलंच असतं," मामा म्हणाले. "मंग माह्या पोरीले कावून सूट?"

लग्न चर्चच्या अंगणात मांडव घालून लागलं. ऐन उन्हाळ्यातलं लग्न ते. अकोल्याची माणसं उन्हाला सरावलेली, तरी पत्रिकेच्या घड्या करून वारा घेत होती आणि बंद दरवाजाकडे बघत होती. निघताना मुलगी आईच्या गळ्यात पडली, माझ्या बायकोच्या गळ्यात पडली, आणि बाबांना नुसता नमस्कार करून गाडीत बसली.

पुढे तुळई उतरवली. लाकूड अस्सल सागवानी आणि खणखणीत निघालं. वरून ठोकलेल्या फळ्यांच्या आत पोकळी होती, तिचा तो आवाज. भेग नुसती गिलाव्याची. पुढच्या रविवारी उपदेशानंतर मामांनी उठून बोलायची परवानगी मागितली. "लाकूड चांगलं होतं. माहं चुकलं," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "पण पुन्हा तसा आवाज आला, तं मी पुन्हा बंद करीन." आणि बसले. पाळकसाहेबांनी घाईनं गीत घ्यायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी मामा एकटेच अकोल्याला गेले. मुलीनं दार उघडलं, तर पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांनी चर्चमध्ये बोललेलं तेच सगळं तिलाही ऐकवलं. तिनं पेला त्यांच्या हातात दिला आणि हसून म्हणाली, "आता माहं लग्न परत लावून देता का चर्चमधी?"

तिनं गंमत केली होती. मामांनी परत येऊन पाळकसाहेबांना रीतसर विचारलं. त्यांनी सांगितलं की झालेलं लग्न पुन्हा लावता येत नाही, पण लग्नाच्या वाढदिवसाला उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, उपासना ठेवता येईल. तेवढ्यावर मामा खूश. वर्षानं ती उपासना झाली. जावई वेदीपाशी उभा राहिला आणि मुलगी बाबांच्या हाताला धरून दारातून निघाली. आमचं चर्च काही मोठं नाही, पण मामा इतके हळू चालले की पेटी वाजवणाऱ्या बाईंना गीताचं शेवटचं कडवं पुनःपुन्हा वाजवावं लागलं.

मागच्या पावसाळ्यात मामा गेले. त्यानंतर एकदा ही मुलगी मामींना घेऊन आमच्याकडे आली असताना त्या उपासनेच्या दिवसाची आठवण निघाली. ती म्हणाली, "मले वाटलं, बाबांचे गुडघे दुखून राहिले. म्हणून मीच त्यांचा हात ओढत होते, लवकर जाऊन बसतील म्हणून."

मामी तिथंच भाजी निवडत बसल्या होत्या. मामांचे गुडघे शेवटपर्यंत चांगले होते, एवढंच त्या म्हणाल्या.