डासांचं मलम आणि कोरा डावा पाय

१२ सप्टेंबर. कॅलेंडरवर त्या चौकोनात मी ‘कूलर’ असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे टाकी रिकामी करायची, गवताच्या ताट्या काढायच्या, पंखा पुसायचा आणि सगळं जुन्या चादरीत गुंडाळून ठेवायचं. वर्धेत लोक हे काम पावसाळा लागला की उरकतात. आमच्याकडे ते तीनदा पुढे ढकललं गेलं होतं, कारण दर वेळी नवरा म्हणायचा, “राहू दे, मी पाह्यतो.” स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवत नाही तो माणूस कूलर बघतो म्हणाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी डासांच्या मलमात अडकले होते.

दिवाळीत आम्हाला अंदमानला जायचं होतं. मुलगी आणि जावई तिथे नोकरीला आहेत, आणि चार महिन्यांची नात आम्ही फक्त मोबाईलवर पाहिली होती. नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला होता. पुन्हा झाला तर जास्त जड जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ते मुलीने आमच्यापेक्षा नीट ऐकलं होतं. तिने फोनवर साफ सांगितलं की इकडे झाडी आहे, दमट हवा आहे, डास भरपूर आहेत. बाबांसाठी खात्रीचं काहीतरी आणा, नाहीतर तिकीट रद्द करा, मीच पुढच्या वर्षी बाळाला घेऊन येते. पुढच्या वर्षी नात पळायला लागली असती. मला ती मांडीत मावते तोवर बघायची होती.

मी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दुकानातल्या बाईने तिच्यावरचा घटक आणि त्याचं प्रमाण दाखवलं, किती तासांनी परत लावायचं ते सांगितलं. माझ्या लेखी विषय संपला. पण नवरा कृषी सहाय्यक म्हणून निवृत्त झालाय. त्याची सगळी नोकरी कपाशीवरच्या किडी मोजण्यात गेली. त्याने भिंग आणून ट्यूबवर रंगीत त्रिकोण शोधला, फवारणीच्या डब्यांवर विष किती जहाल ते दाखवायला असतो तो. सापडला नाही.

“त्रिकोण नाई म्हणजे हे औषधच नाई,” तो म्हणाला. “चाचणी घेतल्याशिवाय मी अंगाले लावत नसतो.”

चाचणी शेतात घेतात तशीच घ्यायची होती. चार प्लॉट पाडायचे, तिनांत वेगवेगळं औषध मारायचं, एक कोरा ठेवायचा, आणि कुठे किती कीड बसते ते मोजायचं. शेताऐवजी माणूस, एवढाच फरक. माणूस कोण, यावर चर्चा झाली नाही. त्याला डेंग्यू होऊन गेलेला, म्हणून तो निरीक्षक. मी शेत. माझ्या उजव्या हाताला मलम, डाव्या हाताला गवती चहाचं तेल, उजव्या पायाला त्याने स्वतः गाळलेला निंबोळी अर्क, आणि डावा पाय कोरा.

त्याच दिवसांत मोठी नणंद नाचणगावहून राहायला आली होती. माझ्या पायाचा वास घेऊन तिने भावाला विचारलं, “बायकोले कपाशी समजून राह्यला का रे?” मग तिने सांगितलं की ती रोज कच्चा लसूण खाते आणि तिला मच्छर लागतच नाहीत. नवऱ्याने तिलाही लगेच चाचणीत घेतलं, संपूर्ण कोरी म्हणून.

११ तारखेच्या संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसलो. नवरा जुनी निरीक्षण वही घेऊन आमच्याभोवती फिरत होता. हलायचं नाही, खाजवायचं नाही, आणि डास मारायचा तर मुळीच नाही, कारण मारलेली कीड मोजणीतून सुटते. अर्ध्या तासाने हिशोब असा: कोऱ्या पायावर सहा, अर्काच्या पायावर सात, तेलाच्या हातावर तीन. मलमाच्या हातावर एक, तोही बांगड्यांखाली, जिथे मलम पोचलं नव्हतं. नणंदेला शून्य. नवऱ्याने निष्कर्ष वाचून दाखवला की काहीही न लावणं सर्वांत परिणामकारक आहे.

“म्हणजे मी जिंकली,” नणंद म्हणाली.

१२ तारखेला सकाळी मी पुन्हा मेडिकलमध्ये गेले. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तुम्ही संध्याकाळी भलत्याच डासांची परीक्षा घेतली. मी घरी येऊन हे सांगितलं तर नवरा नाराज व्हायच्या ऐवजी खूश झाला. कीड चुकली होती, पद्धत बरोबरच होती. दुपारी दुसरी चाचणी ठरली, या वेळी मधल्या खोलीत, खिडकीजवळ. भरदुपारी घरात डास कुठून येणार, असं मी विचारलं.

“येतीन,” तो म्हणाला. जरा जास्तच खात्रीने.

आले. पाचच मिनिटांत आले, आणि सगळे पट्टेवाले. दोन्ही पायांना चावले. तेलाच्या हाताने थोडा दम धरला, मग तिथेही चावले. बांगड्या काढून मलम लावलेल्या उजव्या हातावर मात्र एकही बसला नाही. इतक्यात नणंद पोटरी चोळत उठली. लसणाला न जुमानणारा डास तिला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

माझं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीला बाहेरून कूलर लावलेला. मोजणी बाकी आहे, हलू नको, असं नवरा म्हणत असतानाच मी बाहेर गेले आणि कूलरची बाजूची ताटी ओढून काढली. टाकीत वीतभर काळं पाणी होतं आणि त्यात अळ्याच अळ्या वळवळत होत्या. आतल्या पत्र्यावर खडूने तीन आठवड्यांच्या तारखा लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे सकाळ-संध्याकाळचे आकडे. अक्षर माझ्या नवऱ्याचं.

“चाचणीले कीड लागते ना,” तो म्हणाला. “अंगणात पुरत नव्हती.”

म्हणजे हा माणूस तीन आठवडे, दिवसातून दोनदा, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर या टाकीत वाकून अळ्या मोजत होता. मी विचारलं, “आणि तुम्हाला किती चावले?”

त्याने वही उघडली, पानं उलटली, मिटली. “ते मोजलं नाई.”

“तुलेच डेंग्यू झालता ना रे?” नणंदेने विचारलं. “मंग तुह्याच घरात त्याची रोपवाटिका काऊन लावली?”

“मले चावतीन असं वाटलंच नाई, ताई. मी निरीक्षक होतो.”

 तो खुर्चीवर बसला आणि आपल्याच पोटऱ्या बघू लागला. मी थर्मामीटर आणला. ताप नव्हता. पुढचे पंधरा दिवस रोज बघायचा, असं मी त्याच्याच वहीत लिहिलं. आणि त्याला सांगितलं की मलमाचा निकाल लागलाय. लावत नसाल तर मी एकटी अंदमानला जाते, तुम्ही इथे अळ्या सांभाळा. त्याने मान डोलावली. तक्ता तेवढा पूर्ण करू दे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाआधी मी टाकीचं पाणी अंगणात कोरड्या मातीवर ओतलं, टाकी काथ्याने घासली आणि उन्हात पालथी घातली. कुंड्यांखालच्या ताटल्या उलट्या केल्या. मुलीला फोन करून येतो म्हणून कळवलं. मग नवऱ्याला पालथ्या टाकीवर बसवलं आणि हात, मान, कान, पाय, सगळीकडे मलम लावलं. तुलनेसाठी डावा पाय कोरा ठेव म्हणत होता. ठेवला नाही.