जैतून गोड का कडू

आधीच हसून घ्या, म्हंजे मला सांगाया बरं. लढाईवरून आलेला कृपादान दारुडा झालाय, आसं पयल्याच दिवशी ठरवनारी मीच.

शेजारच्या केशरबाईचं हे पोरगं. तीन वर्सं पलटनीत खेचरं हाकली, इटलीपातुर जाऊन आलं, आन् सेहेचाळीस साली नेवाशाच्या मोटारीतनं उतरलं. केशर चुलीपाशी आनंदानं रडत बसली, तवा शेजारधर्म म्हनून त्याचा झोळा म्या उपसला. मोज्यात गुंडाळलेली बाटली निघाली. हिरवट, दाट, वर बूच. मी चर्चच्या महिला मंडळाची पुढारीन. दारू म्हनलं की माझ्या अंगात येतं. मागल्या दारी शेवग्याच्या बुडाशी समदी बाटली उपडी केली. दारूचा वास काय येईना. मंग मीच मला समजावलं, "इंग्रजी दारूला वास नसतोय गं." जसं काय मी रोजच पीत हुते! तेवढ्यात कोंबडी घसरली. तिला हुसकाया गेले तर मी घसरले. हात पदराला पुसला, तर पदर तेलकट.

"मावशी," मागनं कृपादान म्हनला, "जैतुनाचं तेल हुतं ते. कापनीच्या सणाला चर्चमदी ठेवाया आनलं हुतं."

"शेवग्याला चांगल्या शेंगा येतील," म्हनले आन् घरी सटकले.

मला गंमत वाटली, पन त्याची पंचाईत झाली. पवित्र शास्त्रातल्या नोहाच्या कबुतरानं चोचीत डहाळी आनली ते जैतून आपन हातानं तोडलं, आसं तो सांगाया लागला की लोक हसायचे. "दाखीव की मंग!" काय दाखवनार? त्याचा पुरावा शेवगा प्याला हुता. थापाड्या नाव पडलं. आडावर बाया केशरला "थापाड्याची आई, घागर सरकव" म्हनाया लागल्या. ते मातर पोराच्या जिव्हारी लागलं.

कापनीचा सण आला. चर्चमदी जोंधळ्याची कनसं, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी, समदं म्होरं मांडलेलं. पाळकसायबांनी कृपादानाला उभं केलं, "लढाईवरून देवानं राखून आनलं, दोन शब्द बोल."

"समुद्राच्या काठचं गाव हुतं," तो म्हनला. "जैतुनाचा सण हुता, आमाला बी बोलावलं. आपन चिंचा झोडतो तशी काठीनं झाडं झोडत्यात. खाली पलंगावरल्या चादरी आंथरत्यात. मंग फळं घान्यात. त्यांचं गाढव तोफंला भिऊन पळालेलं, म्हनून माझं खेचर जुपलं. डोळ्याला पट्टी बांधली, तर ते जागचं हालंना. मंग मीच फिरलो घान्याला. एका म्हातारीनं पयलं तेल पावावर ओतून मला दिलं, आन् एक बाटली भरून दिली."

"घान्याचा बैल!" मागल्या बाकावरनं टवाळ गिदोन वरडला. समदे हसले.

"व्हय, बैल," कृपादान म्हनला. "पन तेल म्या काढलेलं."

"फळ कसं लागतं रं?" गिदोननंच इचारलं.

"झाडावरचं कडू. मुरवलेलं कडू आन् खारट."

आता मी गप बसायचं का न्हाई? तेल ओतनारी मी! पन माझं तोंड म्हंजे पाय सुटलेली कोंबडी. उठले की उभी.

"शास्त्रातलं फळ कडू व्हय रं? अंजीर गोड, खजूर गोड, द्राक्षं गोड. जैतून बी गोडच आसनार!"

"थापाड्या!" कोन तरी म्हनलं. केशरनं मान खाली घातली.

कृपादानानं आईकडं बगितलं. मंग कोटाच्या आतल्या खिशातनं इवलीशी बाटली काढली. पान्यात बोराएवढी सा-सात हिरवी फळं.

"ही कोनाला दाखवली न्हाईत. आजच्या दिसासाठी अंगावरच ठेवली हुती, मावशी. झोळ्यात ठिवायची सोय न्हवती."

समद्या चर्चदेखत त्यानं एक माझ्या हातावर ठेवलं. म्या तोंडात टाकलं. आरं बाबा! कडूलिंबाची निंबोळी लोनच्याच्या खारात बुडवून द्यावी तसं. डोळ्याला पानी आलं. पन हार मानीन तर मी कसली?

"गोड हाय," म्हनले.

कृपादान वादच घालंना. समदी बाटली म्होरं धरली आन् लई गरीब तोंड करून म्हनला, "मंग आनखी घ्या की, मावशी. समदी तुमालाच."

केशर मान वर करून माझ्याकडं बगत हुती. समदेच बगत हुते.

"कडू हाय रं मेल्या!"

"आन्?"

"आन् खारट बी."