पंधरा माणसांची डाळ

पंधरा माणसांची उडदाची डाळ शिजली आणि जेवायला आलं कुणीच नाही.

तोरणमाळच्या उताराखालच्या एका पाड्यावर रूपलीबाईनं त्या दिवशी लाहा बोलावला होता. लाहा म्हणजे मजुरी नव्हे. अख्खा पाडा विळे घेऊन एकाच्या शेतात उतरतो, शेतवाला पोटभर जेवू घालतो, आणि आज जो तुझ्या शेतात वाकला त्याच्या शेतात उद्या तू वाकायचं. रूपलीबाईची ज्वारी पिकून उभी. पोरगा-सून ऊसतोडीला गुजरातेत. एकटीनं कापायची तर निम्मं पीक पोपटांच्या पोटात.

ती आत जाई, बाहेर येई. चूल विझवली, परत पेटवली. का आले नाहीत, ते तिला ठाऊक होतं. दर रविवारी तिच्या अंगणात चटई पडे, चार बाया येत, येशूची प्रार्थना होई. पाड्याचा कारभारी नवल, तिचा चुलतपुतण्या, त्यानं कागद आणला होता. ‘यापुढे प्रार्थना करणार नाही’, खाली अंगठ्याची जागा. अंगठा नाही तर हातपंप बंद, लाहा बंद. कुठल्या कायद्यानं? विचारायला जावं तर कायदा तालुक्याला, आणि नवल शेजारच्या घरात. आठ दिवस ती नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पीत होती. त्यात नवलनं आपलाही लाहा मुद्दाम आजच ठेवला.

“देवा, मला भीती वाटते,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. एवढीच प्रार्थना. वैरी भुकेला असेल तर त्याला वाढावं, हे तिनं चटईवर कितीदा ऐकलं होतं, मानही डोलावली होती. मान डोलावणं फुकट असतं. तिनं पातेलं डोक्यावर घेतलं, विळा कमरेला खोचला आणि नवलच्या शेताची वाट धरली. दोनदा ती परत फिरली, दोनदा पुन्हा वळली.

“आली रे, येशूची डाळ आली!” शेजारचा जान्या ओरडला. रांग हसली.

तिनं पातेलं महूच्या झाडाच्या सावलीत ठेवलं, रांगेचं टोक धरलं आणि वाकली. नवल तरातरा आला.

“काकी, आधी अंगठा. मग विळा.”

“अंगठ्याशिवाय विळा धरता येतो होय रे? तुला देऊन बसले तर तुझी ज्वारी काय दातांनी कापू?”

रांग पुन्हा हसली, या खेपेला नवलकडे बघून. त्याचे कान लाल झाले. “नीघ इथून!”

“ए नवल!” रांगेतून त्याची म्हातारी आई, नर्मदाबाई, कडाडली. “लाह्याला आलेल्याला तुझ्या बापानं कधी परत धाडलं नाही. त्याच्याशी कोर्टात भांडणारा माणूससुद्धा याच रांगेत कापायचा. तू कोण मोठा लागून गेलास?”

नवल आपल्या जागी परतला. दुपारी डाळीला कुणी हात लावेना. मग म्हातारीनं पळसाचं पान पुढं केलं. “वाढ गं. थंड झाली तरी डाळच आहे.” तिच्यामागून जान्या, मग बाकीचे. नवल जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपलीबाई पुन्हा पातेलं शिजवून बांधावर येरझारा घालत होती. येतील? नाही येणार? पहिला चढून आला तो नवल, हातात विळा. मागं रांग.

“लाहा फेडायला आलोय. तुझ्या देवासाठी नाही.”

“माझ्या देवाला चालतं. रांग धर.”

तो वाकला. शर्टाच्या खिशातून तो घडी केलेला कागद अजून डोकावत होता. रूपलीबाईनं तो पाहिला. तरी ती बोललीच.

“रविवारी चटई पडणार आहे, नवल.”

त्यानं मान वर केली नाही.

“आधी ज्वारी काप, काकी.”