तीनदा टॅम्प्लीज

ठोकळेबाईंना आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. डावा कान लहानपणीच गेला होता. उजवा दोन वर्षांपूर्वी गेला, त्यांच्याच वर्गात, पोरांच्या डोळ्यांदेखत. तरी बाई रोज पावणेआठच्या ठोक्याला हजर असतात. दुसरीचा वर्ग, छत्तीस पोरं आणि दोन पोती भरून लाकडी ठोकळे. हा उजवा कान कसा गेला ते सांगायला मी बसलोय, आणि त्यात माझं पाप किती तेही सांगणार आहे. लपवून काय लोणचं घालायचंय?

मी शेजारच्या वर्गाचा मास्तर. पोरं मला पट्टीसर म्हणायची. जाड लाकडाची फूटपट्टी होती माझ्याकडे. ती मी सपाट मारत नसे, उभी धरून कडेनं मारायचो, बोटांच्या पेरांवर. अठ्ठावीस वर्षं मारली. मी मुळात तापट. चहा जरा गार मिळाला तरी माझं डोकं फिरतं, तिथं सातचा पाढा चुकणाऱ्याची काय कथा! एक पोरगा तर मार खाताना "टॅम्प्लीज, सर, टॅम्प्लीज" म्हणायचा. मैदानात पकडापकडी खेळताना पोरं म्हणतात ना, थांबा, आता कुणी कुणाला पकडायचं नाही, तसं. वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचो आणि आगाऊपणाबद्दल त्याला दोन जास्त द्यायचो. त्याचा चेहरासुद्धा मी नंतर विसरलो.

बाई आल्या तेव्हा आमच्या दोन वर्गांमध्ये फक्त प्लायवुडचं पार्टिशन होतं. पहिल्या दिवसापासून पलीकडे खडखडाट. बाई सुताराची मुलगी, डाव्या करंगळीचं टोक करवतीनं नेलेलं. वखारीतले टाकाऊ तुकडे मागून आणायच्या, सुट्टीच्या दिवशी घरी रंधा मारायच्या, पॉलिश पेपरनं कडा घासायच्या. पोरांच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून प्रत्येक ठोकळा आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायच्या. मोठे सर एकदा चिडून म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की वखार?"

"वखारच आहे, सर," बाई म्हणाल्या. "फक्त इथं कुणाला तासायचं नाही."

दहा ठोकळे दोरीनं बांधले की एक मोळी, म्हणजे दशक. वजाबाकीत उसना घ्यायचा तर मोळीची गाठ सोडायची. माझी पोरं 'उसना घेतला, उसना घेतला' असं घोकत बसायची आणि उत्तर भलतंच काढायची. बाईंची पोरं गाठी सोडत, मांडी घालून, तोंडानं गाडीचे आवाज काढत बसायची आणि उत्तर बरोबर काढायची. खरं सांगू? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची ती यासाठीच.

बाई बोलताना नेहमी मान वळवून उजवी बाजू पुढे करायच्या. एकदा मी विचारलं, असं का?

"दुसरीत सातचा पाढा चुकला होता," त्या म्हणाल्या. "कानाखाली बसली. तेव्हापासून या बाजूला सुट्टी आहे." वर हसल्या. मला काही हसू आलं नाही. बाई मलाच टोमणा मारतायत असं वाटलं आणि दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

आता छत्तीस पोरांच्या हातात लाकूड दिल्यावर काय होणार? पहिल्याच आठवड्यात एकाच्या भुवईला खोक पडली, एकीचा दात पडला, एकानं दुसऱ्याच्या दंडाचा असा चावा घेतला की रक्त निघालं. मी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, करा आता खेळातून शिक्षण! पण बाईंनी पोरांचाच शब्द उचलला. कुणीही टॅम्प्लीज म्हटलं की सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं, हात वर, पंजे उघडे. म्हणणाऱ्यानं दहा मोजायचे. मग ज्यानं मारलं त्याला विचारायचं, "काय झालं?" त्यानं खरं सांगायचं. नियम बाईंनाही लागू.

एक दिवस त्यांचा मनोरा कोसळला आणि माझ्या पार्टिशनला असा दणका बसला की फळ्यावरचा डस्टर खाली पडला. मी तरातरा गेलो आणि समोर दिसलेल्या पोराचा कान धरला. पोरगं किंचाळलं, "टॅम्प्लीज!" सगळ्यांचे हात वर गेले. बाईंचेही. मी पोराच्या थोबाडीत दिली.

"सर, सगळ्यांचे हात वर असताना तुमचा खाली आला," बाई म्हणाल्या.

"काय पोरखेळ लावलाय हा!"

"पोरंच आहेत, सर. पोरखेळच लावणार."

त्याच वर्गात मुंगी होती. एवढीशी पोर, पण स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ठोकळे पोटाशी धरून न्यायची, म्हणून मुंगी. आई नव्हती. घरात ती आणि तिचा बाप. बाप वेल्डर, शाळेच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. तोही याच शाळेतला, माझ्याच हाताखालून गेलेला.

वर्गाच्या एका कोपऱ्यात भातुकली मांडलेली असायची. चिंध्यांच्या बाहुल्या, खोक्याचं घर. मुंगी रोज तिथंच बसायची आणि रोज एकच खेळ खेळायची. मोठी बाहुली दारातून यायची आणि लहान बाहुलीला खोक्याच्या भिंतीवर आपटायची. धप, धप, धप. मुंगीचा चेहरा मात्र भाजी निवडत बसल्यासारखा शांत. बाईंनी तीन दिवस बघितलं आणि मोठ्या सरांना सांगितलं. "पोरं काहीही खेळतात, बाई. लोकांच्या घरच्या भानगडीत पडू नका," सर म्हणाले. मला विचारलं तर मीही तेच म्हणालो.

शुक्रवारी खेळ बदलला. लहान बाहुली म्हणाली, "टॅम्प्लीज." मोठी बाहुली थांबली. मुंगीनं तिचे दोन्ही चिंधीचे हात वर केले आणि बाईंकडे बघितलं. "बाई, असं घरी पण चालतं?"

पार्टिशनच्या फटीतून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. बाईंना एवढा आनंद झाला होता, एवढा आनंद, की त्या बोलून गेल्या, "चालतं की गं, राणी. हा शब्द सगळीकडे चालतो."

बस. एवढंच वाक्य.

सोमवारी मुंगी आली ती उजवा हात प्लास्टरमध्ये घालून, ओठ फाटलेला, एक डोळा काळानिळा. दप्तर डाव्या हातानं ओढत बाईंच्या टेबलापाशी गेली आणि तक्रार नाही, काही नाही, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, "बाई, मी म्हटलं. तीनदा म्हटलं. बाबांना हा खेळ येत नाही."

मधल्या सुट्टीत बाई पाण्याच्या टाकीमागे भिंतीवर कपाळ आपटत होत्या. मी धावत जाऊन त्यांना मागे ओढलं. कपाळाला टेंगूळ आलं होतं. "शब्द मी दिला, सर," त्या म्हणाल्या, "आणि हात तिचा मोडला."

त्यानंतर बाईंनी कुणाला विचारलं नाही. स्वतः पोलिसांत जाऊन लिहून दिलं आणि मुंगीच्या मावशीला बोलावून घेतलं. मुंगी त्याच दिवशी मावशीकडे राहायला गेली. पण पोर बोलायची बंद झाली. वर्गात कुणी टॅम्प्लीज म्हटलं की पस्तीस पोरांचे हात वर, हिचा मांडीवर. भातुकलीच्या कोपऱ्याकडे तर ती बघेचना. बाईंचा जीव अर्धा झाला. "तिनं परत एकदा म्हणायला हवं," त्या मला सांगायच्या, "आणि कुणीतरी थांबायला हवं. नाहीतर ही पोर जन्मभर मार खाईल, पण तोंड उघडणार नाही." मी म्हटलं, काळ जाईल तसं विसरेल.

गुरुवारी, दुसऱ्या तासाला, वेल्डर आला. आदल्या दिवशी पोलिसांनी त्याला बोलावून चौकशी केली होती आणि सोडून दिलं होतं. तो थेट वर्गात घुसला. दारातला मनोरा लाथेनं उडवला. ठोकळे तोलायचा तराजू उचलून खिडकीवर फेकला, काचांचा पाऊस पोरांच्या अंगावर पडला. "कुठंय माझी पोरगी? पोलिसांत जाते काय, रांडे?" बाई मुंगीला पाठीमागे घेऊन भिंतीला टेकल्या. त्यानं बाईंची वेणी हाताला गुंडाळली, डोकं खाली खेचलं आणि उघड्या पंजानं उजव्या कानावर मारली. मग आणखी एक.

तो आवाज मला पलीकडे ऐकू आला. तो आवाज मी ओळखतो. मी स्वतः काढलेला आहे.

वळसा घालून दारानं जायचं मला सुचलं नाही. मी पार्टिशनला लाथ घातली, प्लायवुड फाडलं आणि त्या भोकातून आत गेलो. पट्टी हातातच होती. पहिली मारली ती वेणी धरलेल्या मनगटावर, कडेनं. हाड वाजलं. तो माझ्या अंगावर आला. माझ्यापेक्षा धिप्पाड गडी, त्यानं मला चिरडलंच असतं, पण पायाखाली गोल ठोकळे आले आणि तो उताणा पडला. मी त्याच्या छातीवर बसलो. पेरांवर, कोपरावर, कानावर, तोंडावर, दिसेल तिथं मारत सुटलो. त्याचं नाक फुटलं. त्याचं रक्त माझ्या शर्टावर, चष्म्यावर उडालं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

"टॅम्प्लीज."

मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. मी थांबलो नाही.

"टॅम्प्लीज!"

पट्टी मोडली. उरलेल्या तुकड्यानं मारत राहिलो.

"सर! टॅम्प्लीज!"

हे अगदी माझ्या कानाशी. मी मान वर केली. समोर मुंगी उभी होती आणि तिचा प्लास्टरचा हात जाईल तेवढा वर गेलेला होता. तिच्यामागे काचांच्या तुकड्यांत पस्तीस पोरं, काही रडतायत, एकानं चड्डी ओली केलेली, पण सगळ्यांचे हात वर, पंजे उघडे. भिंतीला टेकलेल्या बाईंच्या कानातून रक्ताची धार गळ्यापर्यंत आली होती. त्यांना तो शब्द ऐकू आलाच नव्हता. पोरांचे हात बघून त्यांनीही आपले हात वर केले होते. अख्ख्या वर्गात मारायला उगारलेला हात एकच होता, माझा.

मी तुकडा टाकला. हात वर केले, पंजे उघडले.

मुंगीनं दहा मोजले. सावकाश, एकही न गाळता. मग माझ्यासमोर येऊन विचारलं, "सर, काय झालं?"

नियम नियम असतो. मी म्हणालो, "मी तुझ्या बाबांना मारलं."

"मी म्हटल्यावर पण मारलं."

"हो. म्हटल्यावर पण मारलं."

खाली वेल्डर दोन्ही हात डोक्यावर धरून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. एवढा मोठा बाप्या, आणि अंगाची जुडी केलेली. रक्तानं भरलेल्या तोंडानंच तो बोलला. "मी पण म्हणायचो, सर. टॅम्प्लीज. तुम्ही दोन जास्त द्यायचात."

तेव्हा कुठे मला तो पोरगा आठवला. दुसरा बाक, खिडकीकडची बाजू, कोपरावर फाटलेला शर्ट. अख्खा वर्ग हसत होता तेव्हा तो हसत नव्हता, हेसुद्धा आठवलं. आता कुणी म्हणेल, म्हणजे दोष सगळा मास्तराचा. नाही. पोरीचा हात त्यानं मोडला, बाईंचा कान त्यानं फोडला, आणि त्याबद्दल तो आज आत आहे तो योग्यच आहे. पण हे मी सांगितलं नाही तर कोण सांगणार?

"काय म्हणाला तो?" बाई एकदम मोठ्यानं ओरडल्या. स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. "सर, काहीच ऐकू येत नाहीये मला! काय म्हणाला तो?"

मी जमिनीवर पडलेली पाटी ओढली, खडू घेतला आणि लिहिलं, 'यानंही म्हटलं होतं. मी थांबलो नव्हतो.' पाटी बाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या. मुंगी टाचा उंचावून बघायला लागली तशी त्यांनी पाटी तिच्यासमोर धरली. अक्षरावर बोट ठेवून मुंगीनं मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचतात तसं. "या-नं-ही म्ह-ट-लं हो-तं." तिचं 'म्ह' नेहमी अडायचं, ते त्या दिवशी अडलं नाही. पुढचं वाक्यही तिनं तसंच वाचलं. मग बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज थांबलात," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हटल्यावर."

हेही बाईंना ऐकू आलं नाही. मी ते पाटीवर खाली लिहिलं.